नाकवाली बस

२१ नोव्हेंबर २०१०, रविवार

बस मिळाली. रिछाईला, शहराच्या कारखान्यांच्या भागात, मोहन भैयाच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये जी कित्येक वर्षं उभी होती, तीच. त्यांच्या वडिलांनी कामगारांना आणायला-सोडायला घेतली होती, नंतर तिच्यात लोखंडाच्या कचऱ्याची पोती भरून ठेवली. मी मागे दोन-तीनदा विषय काढला होता. आज ते स्वतःच म्हणाले, "पुंडलिक जी, भंगारवाला रोज आके पूछता है. आपसे बनती हो तो बना लो. जगह मेरी, मेहनत आपकी." मी हो म्हणून टाकलं. घरी विचारलं नाही.

समोर लांब नाक असलेली, इंजिन नाकात असलेली जुन्या घडणीची बस आहे ही. एकेकाळी शहरात अशाच चालायच्या. स्टेशनहून घमापूर, कांचघर करत रांझीला जायची ती लाइन आमची. आमच्या वस्तीतले सगळे त्याच गाडीनं गाड्यांच्या सरकारी फॅक्टरीत ड्यूटीला जायचे, लोक तिला नाकवालीच म्हणायचे. आता फॅक्टरीतून निवृत्त होऊन मला तिसरं वर्ष चाललं आहे. सकाळी पेपर वाचून झाला की दिवस संपत नाही.

बायकोला, भागीरथाला, रात्रीच्या जेवणाआधी सांगितलं. ती म्हणाली, "घरात नळ गळून राहिला, तो कधी होणार?"

२८ नोव्हेंबर

लहानूला नेलं. तो नसता तर मी या भानगडीत पडलोच नसतो. लहानू रामटेके त्याच लाइनवर ड्रायव्हर होता. मी विशीत असताना सकाळच्या पाळीला त्याच्याच गाडीनं जायचो, त्याच्या मागच्या सीटवर बसायचो, तिथून आमची दोस्ती. सरकारी बससेवा बंद पडली तेव्हा त्याला घरी बसवलं. बायको गेल्यापासून तो मुलीजवळ, बेबीजवळ, रांझीला राहतो. फार बोलत नाही.

बसजवळ पोचलो तर तो थांबला नाही, सरळ जाऊन नाकावर हात ठेवला. मग हात फिरवत फिरवत पूर्ण गाडीला फेरी मारली. पोत्यांना अडखळला, तरी हात काढला नाही. म्हणाला, "हे आपलीच नसल, पण हिची बहीण आहे." मग दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसला. सीटची गादी उंदरांनी खाल्लेली, नुसती पट्टी उरली होती. बसला आणि क्लच दाबून पाहिला.

मी म्हटलं, "चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत काढू. तू चालवशील."

त्यानं वळून पाहिलं नाही. "चालवतो ना," म्हणाला.

१९ डिसेंबर

इंजिनचं वरचं हेड उतरवलं. थंडी बेकार पडून राहिली. मी फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होतो, तयार गाडी तपासायचो, त्यामुळे उघडलेल्या इंजिनची सवय कमी. लहानूला आहे. तो नट हातात घेतो, बोटांत फिरवतो आणि सांगतो कुठला. डोळे दुसरीकडेच असतात. मी गमतीनं म्हटलं, "पाहत तं जा." म्हणाला, "पाहून काय होते."

चहाचा ग्लास त्याच्या डाव्या बाजूला ठेवला होता, तो कोपरानं सांडला. परत आणला, परत सांडला. मोहन भैयांचा चौकीदार हसला. थंडीनं हात आखडले असतील.

९ जानेवारी २०११, रविवार

आज सुरू झाली.

सकाळपासून डिझेलच्या नळीतली हवा काढून राहिलो होतो. मी पंप मारायचो, लहानू पाना ढिला करून बोट लावून पाहायचा की बुडबुडे येतात की धार. बॅटरी दुसऱ्या गाडीची आणली होती. आधी नुसती घरघर झाली, पांढरा धूर आला, मग एकदम धरली. पूर्ण शेड थरथरलं. कारखान्यातली माणसं काम सोडून बाहेर आली. मोहन भैया फोन कानाला लावूनच आले आणि फोन कानालाच राहिला.

लहानू नाकावर हात ठेवून उभा होता. त्याचे डोळे वाहून राहिले होते. मी पाहिलं नाही असं केलं. धुराचंही असेल.

घरी येताना स्वतःशीच बोलत आलो. इतका आनंद मला निवृत्तीच्या हारतुऱ्यालाही झाला नव्हता.

१६ जानेवारी

थोडं वाजलं आमचं. लहानू म्हणाला, बेबी त्याला नागपूरला नेणार आहे. तिच्या आत्याच्या ओळखीचा डोळ्यांचा डॉक्टर आहे. पंधरा-वीस दिवस तिकडेच राहावं लागेल, तपासण्या असतात म्हणे.

मी म्हटलं, "काहून? चष्म्याचा नंबर इथंबी बदलते."

"बेबी म्हणते."

"ब्रेकचं काम अर्धं पडलं आहे, लहानू. गिअरबॉक्स उघडून ठेवला आहे. तू गेला तं मी काय करू? जयंती झाली की जा. मी येतो सोबत. डोळे काय पळून जाऊन राहिले?"

त्यानं बराच वेळ चिंधीनं हात पुसले. मग म्हणाला, "बरं. जयंतीनंतर."

मला बरं वाटलं. ऐन वेळी माणूस हातचा गेला असता.

६ फेब्रुवारी

रंग सुरू केला. वर क्रीम, खाली लाल, मध्ये पांढरा पट्टा, आधी होता तसा. पट्टा लहानूनं ओढला. पुढून चांगला आला आणि मागे जाता जाता खाली उतरत गेला. मी म्हटलं हा तं उतारावर चालला. तो ब्रश ठेवून बसला. मी नंतर पुसून परत काढला. इतकं मनाला लावून घ्यायचं काय कारण होतं?

दुपारी जेवायला घरी आणलं. भागीरथानं दारातून "या भाऊजी" म्हटलं तर तो म्हणाला, "कोण, मनीषा?" मनीषा आमची सून, ती भोपाळला असते. भागीरथा हसली, पण तो गेल्यावर मला म्हणाली, "भाऊजी उंबरठ्याला अडखळले. ताटात भाजी कुठं आहे ते चाचपून राहिले होते. तुम्ही पाहिलं नाही?"

मी म्हटलं, वय झालं. माझेही गुडघे दुखतात.

"गुडघे दुखणं वेगळं," म्हणाली आणि भांडी घेऊन आत गेली. तिला या बसचा राग आहे, म्हणून प्रत्येक गोष्टीत खोट काढते.

१३ मार्च

जयंती समितीची बैठक झाली. मी बसचं सांगितलं. सगळ्यांना आवडलं. म्हातारी माणसं, ज्यांना पायी चालणं होत नाही, त्यांना बसमध्ये बसवायचं ठरलं. सत्यभामाबाई वासनिक, ज्यांनी आम्हा सगळ्यांना शाळेत शिकवलं, त्या पहिल्या सीटवर. कोणीतरी विचारलं, चालवणार कोण. मी म्हटलं, "जो चालवत होता तोच. लहानू रामटेके." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लहानू मागे बसला होता. मी त्याला उभं राहा म्हटलं. तो उभा राहिला, हात जोडले, पण दुसऱ्याच बाजूला तोंड करून. लाजला असावा.

ब्रेक आता चांगले लागतात. परिवहन कार्यालयातून एका दिवसाची परवानगी मिळण्यासारखी आहे.

हल्ली तो ऊन उतरायच्या आत निघतो. विचारलं तर म्हणतो, बेबी चिंता करते. ही बेबी त्याला फार धरून ठेवते.

३ एप्रिल, रविवार

काय लिहू. सगळा विचका झाला.

आज गाडी पहिल्यांदा फाटकाबाहेर काढायची होती. समितीचे चार-पाच लोक आले होते, मोहन भैयांनी नारळ आणला होता. लहानू इस्त्रीचा खाकी शर्ट घालून आला, जुना, ड्यूटीचा. सीटवर बसला, आरसा पुसला, बराच वेळ पुसत राहिला. मी आत त्याच्या बाजूला उभा होतो. सुरू केली, पहिल्यात टाकली, क्लच दोनदा दाबून दुसऱ्यात. जराही आवाज नाही. मला वाटलं मी परत वीस वर्षांचा झालो.

फाटकातून निघताना डाव्या खांबाला इतकं खेटून घेतलं की मी ओरडलो. वाचली. बाहेर रस्त्यावर आलो आणि थोडं पुढे गेलो तर डावीकडून एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन येत होती. चांगली समोर दिसत होती. मला वाटलं तो थांबतो आहे. तो थांबला नाही. मी "लहानू, लहानू" म्हणून त्याचा खांदा धरला तेव्हा त्यानं ब्रेक दाबला. बाई मोळी टाकून बाजूला झाली. तिला काही लागलं नाही. तिनं खूप शिव्या दिल्या.

लहानूनं इंजिन बंद केलं. स्टीअरिंगवर दोन्ही हात तसेच ठेवून बसला. मग खाली उतरला आणि म्हणाला, "मी नाही चालवत."

मी म्हटलं, होते असं, पुष्कळ वर्षांनी बसला आहे, दोन चकरा अजून मार.

"नाही. चौदालेबी नाही. दुसरा पाहून घे."

सगळे पाहून राहिले होते. मी समितीला शब्द दिला होता. माझा तोल गेला. मी म्हटलं, "भेला काय तू? एका बाईनं शिव्या दिल्या तं भेला? होत नव्हतं तं पहिलेच सांगायचं होतं. लोकांसमोर माझं तोंड काळं केलं."

तो चौकीदाराला म्हणाला, "भैया, मुझे ऑटो तक छोड़ दोगे?" इतक्या जवळच्या ऑटोपर्यंत सोडायला माणूस पाहिजे. हा काय तोरा.

५ एप्रिल

लहानू आला नाही. मी फोन केला नाही.

शाळेची बस चालवणारा बंडू तयार झाला. चांगला मुलगा आहे, पण असे गिअर त्यानं पाहिलेले नाहीत. दर वेळी कर्र करून आवाज येतो. मला तो आवाज दातांत लागतो.

१४ एप्रिल

जयंती चांगली झाली. चांगली झाली असंच लिहायला पाहिजे. बसला निळ्या पताका लावल्या, समोर बाबासाहेबांचा फोटो. सत्यभामाबाई पहिल्या सीटवर, त्यांच्या मांडीवर फुलांची टोपली. म्हाताऱ्या बायका खिडकीतून हात हलवून राहिल्या होत्या. एक आजी म्हणाली, "याच गाडीनं मी नवरी होऊन आली होती." लोक मोबाइलवर फोटो काढत होते. घमापूरच्या वळणावर बंडूनं डावी बाजू एका ठेल्याला, हातगाडीला, घासली. जरा पत्रा आत गेला. त्याचं काही नाही.

रांझीला लहानूच्या गल्लीच्या तोंडाशी बस पोचली तर तो उभा होता. पांढरा शर्ट, बाजूला बेबी. मला वाटलं, आला शेवटी. मी खिडकीतून अर्धा बाहेर निघालो, हात हलवला, हाक मारली. ढोल इतके वाजत होते की हाक ऐकू गेली नसेल, पण मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. तो सरळ समोर पाहत राहिला. हात वर केला नाही. मान वळवली नाही. बेबीनं माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या कानात काही म्हटलं, तोपर्यंत बस पुढे निघून गेली.

इतका राग? चाळीस वर्षांच्या दोस्तीत मी एकदा बोललो, तर इतका?

घरी येऊन भागीरथाला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना दिसले असाल का तुम्ही?"

मी म्हटलं, दोन हातांवर होतो. 

२४ एप्रिल

रिछाईला गेलो नाही. जाऊन काय करू. तिथं लहानूचा बसायचा स्टूल आहे.

२२ मे, रविवार

बेबी आली होती. एकटी. मी पेपर वाचत होतो, तिनं दारातच चप्पल काढली आणि भागीरथाजवळ जाऊन बसली. मला वाटलं समेट करायला बापानं पाठवली.

ती म्हणाली, "काका, आम्ही काल नागपूरहून आलो. बाबांना काचबिंदू आहे. डोळ्यांतला दाब वाढून नस सुकते म्हणे. आधी बाजूचं दिसणं जाते, मग मधलं. डावा पूर्ण गेला. उजव्यानं थोडंसं दिसते, नळीतून पाहावं तसं."

मी म्हटलं, ऑपरेशन करू. मी येतो. कुठं न्यायचं सांग.

"डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते परत येत नाही. जे आहे ते वाचवायला थेंब टाकायचे. आधी आला असता तर पुष्कळ वाचलं असतं."  मग म्हणाली, "जानेवारीचं रिझर्वेशन केलं होतं मी."

भागीरथानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यापेक्षा तिनं पाहिलं असतं तर बरं.

मी म्हटलं, "त्यानं मला सांगितलं का नाही?"

बेबी रागावलेली नव्हती. अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाली, "तुम्ही तर रोज सोबत होते, काका. तुम्हाला कळलं नाही?"

ती गेल्यावर ही डायरी मागे उलटून वाचली. चहाचा ग्लास. पट्टा. उंबरठा. सगळं माझ्याच हातानं लिहिलं आहे.

२३ मे

लहानूकडे गेलो. तो खाटेवर बसून शेंगा सोलत होता. पायांच्या आवाजावरून म्हणाला, "पुंडलिक? ये." जणू काल भेटलो.

मी खूप काही ठरवून गेलो होतो. एकच वाक्य आलं. "माझ्यामुळं थांबला तू."

शेंगा सोलणं त्यानं थांबवलं नाही. "तुझ्यामुळं नाही बापा. मले माहीत होतं काही तरी होऊन राहिलं. दिव्याभोवती कडे दिसत होते, आरशात अर्धा चेहरा. डॉक्टरनं पाहिलं असतं तं पहिले हेच म्हटलं असतं, गाडी चालवू नको. मले एकदा चालवायची होती. तू जा म्हटलं असतं तरी मी नसतो गेलो."

"मग त्या दिवशी उतरला काहून?"

"ते बाई मले दिसलीच नाही, पुंडलिक. मोळी पडल्याचा आवाज आला तेव्हा समजलं की माणूस होतं. मिरवणुकीत तं लेकरं असतात."

मी म्हटलं, तेव्हा तरी सांगायचं. मी तुला सगळ्यांसमोर भेला म्हटलं.

"भेलोच होतो ना," तो म्हणाला.

तू जा म्हटलं असतं तरी नसतो गेलो, हे तो खरं बोलला की माझ्यासाठी बोलला, ते मला कळत नाही. जानेवारीत त्यानं चिंधीनं हात पुसले होते, बराच वेळ. जायचं नसलेला माणूस इतका वेळ विचार करत नाही. पण परत विचारायची हिंमत माझ्यात नाही.

१२ जून

मोहन भैयांचा फोन. एक हॉटेलवाला बस विकत मागून राहिला आहे, दारात उभी करून आत टेबलं लावणार. मी म्हटलं देऊन टाका. मला तिचं तोंड पाहवत नाही.

लहानूला सांगितलं तर त्याला पटलं नाही. "गाडीनं काय केलं?" म्हणाला. "आणि इंजिन सुरू करून ठेवतो की नाही? पावसाळ्यात उभी राहिली तं पंप जाम होईल." मग जरा वेळानं, "मले घेऊन चाल एकदा."

मी आज-उद्या करत आहे.

१७ जुलै, रविवार

आज नेलं. शहरात त्या नव्या बस सुरू झाल्या आहेत, त्यातल्याच एकीनं निघालो. त्याला हात धरलेला आवडत नाही, तो माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि अर्धं पाऊल मागे चालतो. चढताना पायरी शोधावी लागली तर कंडक्टर पोरगी म्हणाली, "आराम से, दादाजी." लहानू पूर्ण रस्ता इंजिनचा आवाज ऐकत बसला. मी विचारलं नाही काय ऐकतो.

शेडमध्ये पाऊस गळून मागच्या सीटा भिजल्या होत्या. बॅटरी उतरली होती. मला लाज वाटली. तो पहिल्या दिवसासारखा हात लावून गाडीला फेरी मारू लागला. नाक, मडगार्ड, दार. डाव्या बाजूला पत्रा आत गेला होता तिथं हात थांबला. बोटांनी तो पोचा पुढून मागे, मागून पुढे पाहिला. मिरवणुकीतलं हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

"हे कधी लागलं?"

"चौदाले. बंडूनं ठेल्याले घासली."

तो तिथंच उभा राहिला. हात पत्र्यावर. बाहेर पाऊस पडत होता आणि चौकीदार टिनाखाली बादल्या सरकवत होता.

"ठेल्यावर निपटलं," तो म्हणाला. "मी असतो तं माणूस असता."

 म्हणण्यासारखं जे होतं ते जानेवारीत म्हणायचं होतं.

मग त्यानं लाकडी हातोडी मागितली. मी आत रांगून पत्रा मागून बाहेर रेटून धरला, आणि तो बाहेरून बोटानं जागा पाहून कडा हळूहळू ठोकत राहिला. संध्याकाळी मोहन भैयांना फोन करून हॉटेलवाल्याला नाही सांगितलं. हा पोचा पूर्ण निघणार नाही. पुढच्या रविवारी परत जाणार आहोत.